छळछावणीतल्या चित्रकलेच्या बाई

डिसेंबर १९४२. नाझींच्या ताब्यात गेलेल्या बोहेमियातील ह्रोनोव्ह या लहानशा गावात राहणाऱ्या एका ज्यू दांपत्याच्या हाती स्थलांतराचा हुकूम पडला. प्रत्येकी ५० किलो सामान घेऊन हजर व्हायचे होते. कुठे जायचे हे कळले होते, पण तेथे काय वाढून ठेवले आहे हे कळण्याची सोय नव्हती. अशा वेळी लोक ऊबदार कपडे, औषधे, टिकाऊ खाद्यपदार्थ आणि भांडीकुंडी बांधून घेत. या घरातील ४४ वर्षांच्या गृहिणीने मात्र आपल्या वाट्याच्या वजनात कागद, रंग आणि चित्रकलेचे साहित्य भरले. जेथे आपण जाणार आहोत तेथे मुले असतील आणि त्यांना या गोष्टींची गरज पडेल, असा तिचा साधा हिशेब होता.

फ्रिडल डिकर-ब्रँडाइस हे त्या स्त्रीचे नाव. कलेच्या साह्याने दुखावलेल्या मनाला आधार देण्याचे एक स्वतंत्र शास्त्र आज जगभर मान्यता पावले आहे. रुग्णालये, विशेष मुलांच्या शाळा, सुधारगृहे आणि निर्वासितांच्या छावण्या अशा अनेक ठिकाणी कलोपचारतज्ज्ञ काम करतात. फ्रिडल यांच्याकडे या विषयाची पदवी नव्हती, कारण तेव्हा अशी पदवीच अस्तित्वात नव्हती. परंतु या व्यवसायाच्या जबाबदाऱ्या कोणत्या, याचे उत्तर त्यांनी आपल्या आयुष्याच्या अखेरच्या २२ महिन्यांत प्रत्यक्ष कृतीतून देऊन ठेवले.

कागदाच्या दुकानातील बालपण

फ्रिडल यांचा जन्म ३० जुलै १८९८ रोजी व्हिएन्नात एका सामान्य ज्यू कुटुंबात झाला. त्या चार वर्षांच्याही झाल्या नसतील-नसतील तोच आई गेली. वडील सिमोन डिकर हे कागद, वह्या, पेन्सिली विकणाऱ्या दुकानात नोकरी करत. आईवेगळ्या मुलीचे बालपण बरेचसे या दुकानाच्याच आसपास गेले. खेळणी विकत घेण्याची ऐपत नव्हती. पण कागद, रंग आणि माती यांच्याशी मैत्री जुळली ती कायमची.

घरच्या परिस्थितीला न जुमानता त्यांनी शिक्षणाचा हट्ट धरला. प्रथम छायाचित्रणाचे तांत्रिक शिक्षण घेतले. मग व्हिएन्नाच्या कलाशाळेत वस्त्रकलेचा अभ्यास केला. तेथे फ्रान्झ चिझेक यांच्या वर्गाचा संस्कार त्यांच्यावर झाला. मुलांची चित्रे ही मोठ्यांच्या चित्रांची कच्ची नक्कल नसते, तिचे स्वतःचे नियम असतात, असा विचार मांडणाऱ्या युरोपातील पहिल्या काही शिक्षकांपैकी चिझेक हे एक. १९१६ मध्ये त्या स्विस चित्रकार योहान्नेस इटेन यांच्या खासगी शाळेत दाखल झाल्या. इटेन यांचे वर्ग श्वासोच्छ्वासाच्या आणि शरीर सैल करण्याच्या व्यायामांनी सुरू होत. हात चालण्याआधी मन मोकळे झाले पाहिजे, यावर त्यांचा कटाक्ष होता.

१९१९ मध्ये वाल्टर ग्रोपिअस यांनी जर्मनीतील वायमार येथे बाऊहाउस ही संस्था स्थापन केली. चित्रकला, वास्तुकला आणि हस्तकौशल्य यांच्यामधील भिंती पाडणाऱ्या या संस्थेने विसाव्या शतकाच्या कलेला वळण दिले. इटेन तेथे शिकवायला गेले तेव्हा व्हिएन्नातील काही विद्यार्थीही त्यांच्या पाठोपाठ गेले. त्यांत फ्रिडल होत्या. विणकाम, मुद्रण, पुस्तकबांधणी, रंगमंच अशा अनेक अंगांत त्यांनी गती मिळवली. पॉल क्ली यांच्या शिकवणीचा त्यांच्यावर खोल ठसा उमटला. विद्यार्थिदशेतच नवागतांना शिकवण्याचे काम त्यांच्यावर सोपवण्यात आले. पुढे १९३१ मध्ये ग्रोपिअस यांनी त्यांच्यासाठी लिहिलेल्या शिफारसपत्रात त्यांच्या असाधारण आणि बहुअंगी प्रतिभेची मुक्तकंठाने नोंद केली आहे.

वायमारनंतर सहाध्यायी फ्रान्झ सिंगर यांच्यासमवेत त्यांनी आधी बर्लिनमध्ये आणि नंतर व्हिएन्नात कलाशाला चालवली. घडी घालता येणारे पलंग, एकावर एक रचता येणाऱ्या खुर्च्या, एकाच खोलीचा दिवसा-रात्री वेगवेगळा वापर करता येईल अशी रचना ही त्यांच्या कामाची वैशिष्ट्ये होती. व्हिएन्ना नगरपालिकेच्या गोएटेहोफ या कामगार वसाहतीतील माँटेसरी बालवाडीची अंतर्गत सजावटही याच जोडीने केली. थोडक्या जागेत माणसाला मोकळेपणाने कसे वावरता येईल, हा प्रश्न फ्रिडल यांनी तेव्हा व्यवसाय म्हणून हाताळला. बारा-तेरा वर्षांनी तोच प्रश्न त्यांच्यापुढे निराळ्या रूपात उभा राहणार होता.

अटक, निर्वासन आणि नकार

तिसाव्या दशकाच्या प्रारंभी फॅसिझमचे सावट ऑस्ट्रियावर पडू लागले. फ्रिडल डाव्या विचारांकडे ओढल्या गेल्या. भित्तिपत्रकांतून त्यांनी येऊ घातलेल्या धोक्याचा इशारा दिला. १९३४ मध्ये त्यांना अटक झाली आणि चौकशीला तोंड द्यावे लागले. सुटकेनंतर त्यांनी व्हिएन्ना सोडून प्राग गाठले. चौकशीच्या त्या अनुभवावर त्यांनी पुढे चित्रे रंगवली. स्वतःवर बेतलेला प्रसंग कॅनव्हासवर उतरवून त्याच्याकडे अंतरावरून पाहता येते, हे त्या स्वानुभवाने शिकल्या. प्रागमध्ये ॲनी राइख या मनोविश्लेषणतज्ज्ञ स्त्रीकडे त्यांनी मनोविश्लेषणही करून घेतले.

प्रागमध्ये जर्मनी आणि ऑस्ट्रियातून पळून आलेली अनेक कुटुंबे होती. या निर्वासितांच्या मुलांना फ्रिडल चित्रकला शिकवू लागल्या. घर, भाषा आणि शेजार एका रात्रीत गमावलेली ही मुले होती. या कामात त्यांच्या मदतीला होती व्हिएन्नापासूनची त्यांची तरुण शिष्या एडिथ क्रेमर. गुरूच्या मागोमाग प्रागला आलेली ही मुलगी १९३८ मध्ये अमेरिकेला गेली आणि पुढे तिनेच या कामाला शास्त्राचे रूप दिले.

१९३६ मध्ये फ्रिडल यांचा विवाह त्यांचे मावसभाऊ पावेल ब्रँडाइस यांच्याशी झाला. स्वतःचे मूल असावे ही त्यांची तीव्र इच्छा होती. ती पुरी झाली नाही. १९३८ मध्ये दोघे ह्रोनोव्हला राहायला गेले आणि तेथील कापड गिरणीत काम करू लागले. मार्च १९३९ मध्ये नाझी फौजा प्रागमध्ये शिरल्या. फ्रिडल यांना पॅलेस्टाइनला जाण्याची परवानगी मिळू शकत होती, पण पतीला ती मिळत नव्हती. त्यांनी एकटीने जाण्यास नकार दिला. १९४० मध्ये लंडनच्या एका कलादालनात त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले तेव्हा चित्रकर्ती स्वतः ह्रोनोव्हमध्ये अडकून पडली होती. नोकऱ्या गेल्या, घर लहान होत गेले, फिरण्यावर बंधने आली. अशा दिवसांतही त्या फुले, खिडक्या आणि टेकड्या रंगवत राहिल्या. अखेर तो हुकूम आलाच.

तेरेझिन

प्रागच्या उत्तरेला असलेले तेरेझिन हे अठराव्या शतकात बांधलेले तटबंदीचे लष्करी गाव. युद्धापूर्वी तेथे सात हजारांच्या आसपास माणसे राहत. नोव्हेंबर १९४१ पासून नाझींनी त्याचे ज्यूंच्या बंदिवासात रूपांतर केले आणि सप्टेंबर १९४२ मध्ये तेथील कैद्यांची संख्या ५८ हजारांवर पोहोचली. युद्धकाळात एकूण सुमारे १ लाख ४० हजार माणसे या गावात आणली गेली. त्यांपैकी सुमारे ३३ हजार तेथेच उपासमार आणि रोगराईने मेली. सुमारे ८८ हजार जणांना पूर्वेकडील मृत्युछावण्यांकडे पाठवण्यात आले. तेरेझिन हा बहुतेकांसाठी अखेरचा मुक्काम नव्हता, अखेरच्या मुक्कामाआधीचे स्थानक होते.

१७ डिसेंबर १९४२ रोजी फ्रिडल आणि पावेल तेथे पोहोचले. छावणीत स्त्री-पुरुषांना वेगळे ठेवत. मुलांसाठी कैद्यांच्या स्वयंप्रशासनाने स्वतंत्र वसतिगृहे उभारली होती. तीन मजली बाकांवर दाटीवाटीने झोपायचे, अर्धपोटी राहायचे आणि दर काही दिवसांनी कोणाचे तरी नाव पूर्वेकडे जाणाऱ्या गाडीच्या यादीत लागताना पाहायचे, असा मुलांचा दिनक्रम होता. रीतसर शाळा भरवण्यास बंदी होती. गाणे, हस्तकला आणि चित्रकला यांना मात्र परवानगी होती. या फटीतून तेथील शिक्षकांनी जवळजवळ सगळे शिक्षण आत आणले. फ्रिडल यांना एल-४१० या मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली आणि आणलेले साहित्य उघडले गेले.

वर्ग कसा चाले

आणलेला कागद फार काळ पुरणारा नव्हता. मग कचेऱ्यांतील जुने छापील तक्ते, हिशेबाचे कागद, वेष्टने, जे मिळेल त्याच्या कोऱ्या बाजूवर चित्रे उमटू लागली. रंग संपले तेव्हा रंगीत कागदांचे तुकडे फाडून, चिकटवून कोलाज तयार झाले. छापील तक्त्यांच्या रेघांवर डोंगर, होड्या आणि घरे उभी राहिली.

वर्गाची सुरुवात बहुधा इटेन यांच्याकडून उचललेल्या लयीच्या अभ्यासाने होई. टाळीच्या किंवा ठोक्याच्या तालावर मुलींनी कागदावर मोकळ्या हाताने रेषा ओढायच्या, गोल फिरवायचे, वेग बदलायचा. चित्र चांगले येते की वाईट, हा प्रश्न तेथे नव्हता. आखडलेला हात आणि धास्तावलेले मन दोन्ही सैल व्हावेत, एवढाच हेतू होता. त्यानंतर कधी फुलदाणी किंवा भांडी मांडून निरीक्षण, कधी जुन्या चित्रकारांच्या प्रतिमांवरून रचनेचा अभ्यास, तर कधी पूर्ण मोकळीक. मुलांनी घराची उबदार खोली काढली, सणाचे टेबल काढले, फुले आणि फुलपाखरे काढली. काहींनी तीन मजली बाक, पहारेकरी, मृतदेह नेणाऱ्या गाड्याही काढल्या. काय काढावे याची सक्ती नव्हती आणि काय काढू नये याचीही नव्हती.

१९४३ मध्ये छावणीतील शिक्षकांसमोर फ्रिडल यांनी मुलांच्या चित्रकलेविषयी एक व्याख्यान दिले. त्याचे टिपण सुदैवाने उपलब्ध आहे. सगळ्या मुलांना चित्रकार बनवणे हा या वर्गांचा उद्देश नाही, असे त्यात त्यांनी स्पष्ट केले आहे. मुलाच्या आत दडलेल्या शक्तीला आणि स्वतंत्र विचाराला वाट करून देणे, त्याची कल्पनाशक्ती जागी करणे, पाहण्याची आणि पारखण्याची क्षमता वाढवणे, हे त्यांच्या लेखी खरे उद्दिष्ट होते. मुलांना आपल्यासारखे करण्याची मोठ्यांना जी घाई असते तिच्यावर त्यांनी बोट ठेवले. तयार साचे मुलाच्या हाती दिले की स्वतःचे उत्तर शोधण्याची त्याची ताकदच खुंटते, असे त्यांचे मत होते. ज्या ठिकाणी माणसाला क्रमांक देऊन यादीत बसवले जात होते, त्या ठिकाणी हे व्याख्यान झाले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे वजन कळते.

या पद्धतीत कलोपचारतज्ज्ञाच्या कामाची जवळजवळ सर्व सूत्रे सापडतात. पहिली जबाबदारी सुरक्षित जागेची. ठराविक वेळी, ठराविक ठिकाणी, कोणी रागावणार नाही आणि कोणी हसणार नाही, अशी खात्री मुलाला मिळाली पाहिजे. दुसरी साहित्याची. जे हाती आहे त्यातून मुलाला झेपेल आणि त्याला बोलते करेल असे माध्यम निवडून द्यावे लागते. तिसरी जबाबदारी संयमाची. मुलाच्या चित्रावर आपला हात फिरवण्याचा मोह आवरावा लागतो आणि चित्र पाहताच मनातले गुपित ओळखल्याचा आवही आणता येत नाही. चौथी जबाबदारी जपण्याची. तयार झालेले काम हे एका माणसाचे खासगी बोलणे असते. ते हरवू न देणे आणि त्याचा गैरवापर होऊ न देणे, दोन्ही शिक्षकाच्या माथी असते.

फ्रिडल यांनी यात स्वतःची एक शिस्त घातली. प्रत्येक चित्रावर मुलाने आपले नाव लिहायचे. अनेक चित्रांवर वय, खोलीचा क्रमांक किंवा गटही नोंदलेला आहे. स्वतः फ्रिडल मात्र आपल्या उत्तरायुष्यातील चित्रांवर क्वचितच सही करत. जुलै १९४३ मध्ये एल-४१० च्या तळघरात मुलांच्या चित्रांचे प्रदर्शन भरवण्यात आले. मुलांच्या नाटकांसाठी पडदे आणि वेशभूषा तयार करण्यातही त्यांचा हात असे.

२३ जून १९४४ रोजी आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचे प्रतिनिधी तेरेझिनला आले. त्यांच्या डोळ्यांत धूळ फेकण्यासाठी नाझींनी गाव रंगवून घेतले, बागा फुलवल्या, दुकाने सजवली आणि गर्दी कमी दिसावी म्हणून त्याआधी हजारो कैद्यांना पूर्वेकडे रवाना केले. रंगांचा असा वापर छावणीच्या रस्त्यांवर चालला असताना, मुलींच्या वसतिगृहात मुले कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर आपले खरे जग रंगवत होती.

शेवटची गाडी

१९४४ च्या शरद ऋतूत तेरेझिनमधून ऑशविट्झकडे गाड्या सुटू लागल्या. २८ सप्टेंबरला पावेल यांना नेण्यात आले. फ्रिडल यांचे नाव त्या यादीत नव्हते. पतीच्या मागे जाता यावे म्हणून त्यांनी पुढच्या गाडीसाठी आपणहून नाव दिले. ६ ऑक्टोबर १९४४ रोजी सुटलेल्या त्या गाडीत सुमारे दीड हजार माणसे होती. त्यांत फ्रिडल यांच्या वर्गातील काही मुलीही होत्या. ९ ऑक्टोबर रोजी बिर्केनाऊच्या विषारी वायूच्या कोठडीत फ्रिडल यांची हत्या झाली. त्या ४६ वर्षांच्या होत्या. ज्या पतीसाठी त्या निघाल्या, ते पावेल मात्र युद्धातून वाचले.

या निर्णयाविषयी नंतर पुष्कळ विचार झाला आहे. पॅलेस्टाइनची वाट नाकारताना आणि गाडीसाठी नाव देताना त्यांनी एकच निकष लावला, तो सोबतीचा. त्यात वेडे धाडस पाहणारे आहेत, तसे निष्ठेचे टोक पाहणारेही आहेत. मात्र जाण्यापूर्वी त्यांनी एक काम विसरून चालणार नाही असे मानले आणि ते पार पाडले. मुलांची चित्रे गोळा करून दोन सुटकेसमध्ये भरली आणि वसतिगृहातील सहकाऱ्यांच्या स्वाधीन केली.

मे १९४५ मध्ये तेरेझिन मुक्त झाले. वसतिगृहाचे अखेरचे प्रमुख विली ग्रोआग यांनी त्या दोन सुटकेस प्रागला नेऊन तेथील ज्यू समाजाच्या संस्थेकडे सोपवल्या. आत सुमारे साडेचार हजार चित्रे होती. मृत्यूच्या सावलीतून बाहेर पडलेल्या लोकांना त्या वेळी कागदांकडे पाहण्याचे भान नव्हते, म्हणून ती काही वर्षे दुर्लक्षित राहिली. पन्नासच्या दशकात ती लोकांसमोर येऊ लागली आणि मग त्यांनी जगाला अस्वस्थ केले. आज हा संग्रह प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहे.

शिष्येने पुढे नेलेला वसा

योगायोग असा, की ज्या १९४२ साली फ्रिडल तेरेझिनला गेल्या, त्याच सुमारास ब्रिटनमध्ये एड्रियन हिल हे चित्रकार क्षयरोगाच्या रुग्णालयातील अनुभवावरून कलोपचार हा शब्द रूढ करत होते. अमेरिकेत मार्गारेट नॉमबर्ग मनोविश्लेषणाच्या अंगाने याच वाटेवर होत्या. या दोघांच्या बरोबरीने ज्यांचे नाव घेतले जाते त्या एडिथ क्रेमर या फ्रिडल यांच्या शिष्या.

न्यूयॉर्कमध्ये क्रेमर यांनी १९५० पासून विल्टविक या मुलांच्या निवासी शाळेत काम केले. गरिबी, हिंसा आणि दुरावा यांनी होरपळलेली ती मुले होती. तेथील अनुभवावर त्यांचे पहिले पुस्तक १९५८ मध्ये, तर मुलांवरील कलोपचाराचे दुसरे महत्त्वाचे पुस्तक १९७१ मध्ये आले. चित्राचा अर्थ लावण्यापेक्षा चित्र काढण्याची क्रिया स्वतःच औषधाचे काम करते, ही त्यांची भूमिका होती. उपचार करणाऱ्याला तिसरा हात असावा लागतो, अशी कल्पना त्यांनी मांडली. मुलाला मदत तर मिळाली पाहिजे, पण त्या मदतीची छाप त्याच्या चित्रावर उमटता कामा नये, असा हा अदृश्य हात. पुढे न्यूयॉर्क विद्यापीठात या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम उभारण्यात त्यांचा मोठा वाटा होता. २०१४ मध्ये त्यांचे निधन झाले. आपल्या कामाचे मूळ फ्रिडल यांच्या वर्गात आहे, हे त्यांनी अखेरपर्यंत आवर्जून सांगितले.

फ्रिडल यांनी शिकवलेल्या मुलांपैकी बहुतेक मुले वाचली नाहीत. कलेने त्यांचे प्राण वाचवले नाहीत आणि वाचवू शकलीही नसती. तेव्हा या कामाने साधले काय, असा प्रश्न रास्त आहे. ज्या थोड्या मुली वाचल्या, त्यांच्या आठवणींतून त्याचे उत्तर मिळते. त्या तासाभरापुरती भीती खोलीबाहेर थांबे, भूक विसरली जाई आणि आपण कोणीतरी आहोत असे वाटे, असे त्यांनी नंतर वेगवेगळ्या शब्दांत सांगितले. त्यांतील काही जणी पुढे स्वतः कलेच्या क्षेत्रात राहिल्या.

प्रागच्या पिंकास सिनेगॉगमध्ये बोहेमिया आणि मोराव्हियातील सुमारे ७८ हजार ज्यू बळींची नावे भिंतींवर हाताने लिहिली आहेत. १९५० च्या दशकात प्रथम लिहिलेली ही नावे ओलीमुळे आणि नंतरच्या राजवटीच्या अनास्थेमुळे नाहीशी झाली होती. १९९० च्या दशकात ती सगळी पुन्हा लिहिण्यात आली. वरच्या मजल्यावर तेरेझिनच्या मुलांची चित्रे मांडलेली आहेत. भिंतीवरची नावे इतरांनी लिहिली. चित्रांवरची नावे मुलांनी आपल्या हाताने लिहिली, कारण चित्र पूर्ण झाल्यावर खाली नाव घालायचे, अशी त्यांच्या बाईंची सक्त ताकीद होती.